कॅल्शियमची गोळी, बुरशीची कॅप्सूल आणि मधले दोन तास

वाचकाचं पत्र

ताई, माझं वय 51. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय आणि कमरेपाशी नायट्याचा चट्टा आहे. स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या, रोज 200 मिग्रॅ, बारा आठवडे. त्यातले सहा आठवडे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम आधीपासून चालू आहे. हिमोग्लोबिन 9.4 आलं म्हणून लोहाची गोळीही होती. विसरायला नको म्हणून मी सगळं सकाळी नाश्त्यानंतर एकदमच घेते. पित्त उसळलं की वर अँटासिडचं पातळ औषध घेते. गेला महिनाभर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून मुलीने मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून दिल्या. चट्टा मात्र होता तसाच आहे. खनिजं आणि बुरशीचं औषध एकत्र चालत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी लोह बंद केलं, कॅल्शियम ठेवलं. यजमानांच्या नखालाही हाच त्रास आहे. त्यांना टर्बिनाफिन दिलंय, आणि ते पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेतात. त्यांचंही काही बंद करायचं का? नख लवकर यावं म्हणून मी झिंक आणि सेलेनियम घेऊ का? माझ्या अंगालाच औषध लागत नाही असं वाटायला लागलंय. डॉक्टरांकडे पुन्हा जायची लाज वाटते.

उत्तर

ताई,

तुम्ही जो मुद्दा जाता जाता लिहिलात, तिथूनच सुरुवात करते. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे लांबवू नका. तुमच्या पोटऱ्यांत महिनाभरापासून गोळे येताहेत, आणि कॅप्सूल सुरू होऊन सहा आठवडे झालेत. म्हणजे आधी कॅप्सूल आली, मग गोळे आले.

इट्राकोनॅझोलमुळे काही जणांच्या रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. सगळ्यांचं होत नाही, पण होतं. शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचं हे ठरवणाऱ्या संप्रेरकांच्या कामात हे औषध लुडबुड करतं. मग मूत्रपिंडावाटे पोटॅशियम निसटत राहतं, रक्तदाब चढतो, पावलांवर सूज येते. पोटॅशियम उतरलं की स्नायू तक्रार करू लागतात. गोळे येतात, पाय जड होतात, जिना चढताना मांड्यांत बळ नाही असं वाटतं. अशा वेळी मॅग्नेशियमची गोळी घेऊन रात्र जरा बरी गेली, तरी आतली गळती चालूच राहते, आणि तिचा पत्ता लागायला आणखी उशीर होतो. मुलीने काळजीपोटी गोळ्या आणल्या हे मला समजतं. पण औषध सुरू झाल्यावर सुरू झालेला त्रास खनिजाच्या गोळीने झाकू नये. आधी तो त्याच औषधाचा आहे का, हे बघायला हवं.

आणखी एक शक्यता आहे. तुमच्या यादीत कोलेस्टेरॉलची गोळी नाही, तरीही विचारते. वर्षानुवर्षं घेत असलेल्या गोळीला माणूस ‘औषध’ म्हणून मोजतच नाही, तिचं नाव सांगायचं राहून जातं. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन चालू असेल तर ती इट्राकोनॅझोलसोबत घ्यायचीच नसते. इट्राकोनॅझोल यकृतातला औषधांच्या निचऱ्याचा एक महत्त्वाचा मार्ग अडवतं, त्यामुळे स्टॅटिन रक्तात साठत जातं आणि स्नायूंना इजा होते. अ‍ॅटोर्वास्टॅटिन असेल तरी डॉक्टरांना डोस बघावा लागतो. स्नायू दुखत असताना लघवीचा रंग काळपट चहासारखा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना सांगून रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासून घ्या. रक्तदाब मोजून घ्या. संध्याकाळी मोज्यांचा किंवा चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलांवर उमटतो का, तेही बघा. रिपोर्ट येईपर्यंत मॅग्नेशियम बाजूला ठेवा. ते कुठल्याच डॉक्टरांनी दिलेलं नाही, त्यामुळे चार दिवस न घेतल्याने काही बिघडणार नाही. पोटॅशियमच्या गोळ्या किंवा सिरप मात्र आपल्या मनाने अजिबात सुरू करू नका. मूत्रपिंड मंद असेल, किंवा रक्तदाबासाठी काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर पोटॅशियम भराभर वाढतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. सूज किंवा धाप असेल तर पुढची कॅप्सूल घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. इट्राकोनॅझोलने हृदयाचा जोर कमी होऊ शकतो. म्हणूनच ज्यांना हृदय कमजोर असल्याचं निदान झालंय, त्यांना नखाच्या बुरशीसाठी हे औषध द्यायचं नसतं.

आता चट्ट्याबद्दल. तुमच्या अंगाला औषध लागत नाही असं मला वाटत नाही. ते पोटात नीट विरघळतच नसावं.

हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही. कॅप्सूलच्या आत साखरेचे बारीक गोल मणी असतात आणि त्यांच्यावर औषधाचा थर दिलेला असतो. (घेताना कॅप्सूल उघडायची नाही, ती आख्खीच गिळायची.) त्या थरातलं औषध मोकळं होऊन आतड्यातून रक्तात जायचं, तर जठरात चांगलं तीव्र आम्ल लागतं. म्हणून ही कॅप्सूल भरपेट जेवण झाल्या झाल्या घ्यायला सांगतात. जेवणाने आम्ल सुटतं, आणि अन्न जठरात रेंगाळल्यामुळे औषधाला वेळही मिळतो. नेमक्या त्याच वेळी आम्ल मारणारं काही पोटात गेलं, तर औषधाचा मोठा भाग न विरघळताच पुढे सरकतो आणि शौचावाटे निघून जातो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. सकाळच्या गोळ्या कशा घेतो हे दाखवायला त्यांनी डबी तळहातावर उपडी केली. निळी-गुलाबी कॅप्सूल, तिला खेटून कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी, बाजूला चघळायची अँटासिडची गोळी. पांढऱ्या गोळीची भुकटी कॅप्सूललासुद्धा लागली होती. तुमच्यासारखंच त्यांचंही म्हणणं होतं, की तीन महिने न चुकता घेतोय. आणि ते अगदी खरं होतं, एकही दिवस चुकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, कारण तीन महिन्यांत ही हातातली जोडी कुणीच बघितली नव्हती. औषध देताना दोन मिनिटं काढून हे विचारणं आम्हा फार्मासिस्टांचं काम आहे, आणि तुमच्याही बाबतीत ते व्हायला हवं होतं.

आता तुमच्या कॅल्शियमची बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुधा ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ’ आणि खाली ‘कॅल्शियम 500 मिग्रॅ’ असं लिहिलेलं असेल. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू ज्या जातीचा, तोच पदार्थ. अँटासिडच्या कित्येक गोळ्या याच पदार्थाच्या असतात. म्हणजे तुम्ही हाडांसाठी घेतलेली गोळी जठरात गेल्यावर आधी अँटासिडचं काम करते. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचंही तेच, आणि पित्ताच्या पातळ औषधातलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडही तसंच. फसफसणाऱ्या गोळ्याही विसरू नका. पाण्यात टाकली की उसळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत सोडियम बायकार्बोनेट असतं, आणि तेही आम्ल मारतं. त्यामुळे वरच्या लेबलावर नुसतं ‘व्हिटॅमिन’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

बाटलीवर कॅल्शियम सायट्रेट असेल तर आम्ल मारण्याचा प्रश्न बराच कमी होतो. तरीही वेळेचं अंतर ठेवणं सोपं असतं आणि त्यात नुकसान काहीच नाही, म्हणून मी ते ठेवायलाच सांगेन.

तुम्ही बंद केलंत लोह, आणि चालू ठेवलंत कॅल्शियम. ताई, इथे उलट झालं. लोहाची गोळी अँटासिड नाही, तिने जठरातलं आम्ल उतरत नाही. तुमचं हिमोग्लोबिन 9.4 आहे, म्हणजे लोहाची तुम्हाला खरोखर गरज आहे. ‘औषध आणि लोह एकत्र नको’ हा नियम तुमच्या कानावर आला तो दुसऱ्या औषधांवरून. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या जंतुनाशकांना कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक पोटात अक्षरशः धरून ठेवतात, आणि त्या जोडगोळीला आतड्यातून आत जाता येत नाही. थायरॉइडच्या लिव्होथायरॉक्सिनच्या गोळीचंही असंच आहे, तिच्यात आणि कॅल्शियम किंवा लोहात चार तासांचं अंतर लागतं. बुरशीच्या औषधांचं कारण निराळं आहे. तिथे सगळा प्रश्न आम्लाचा, आणि तोही ठरावीक औषधांपुरताच. डॉक्टरांशी बोलून लोह लवकरात लवकर पुन्हा सुरू करा. लोहाने शौचाला काळसर होईल, त्याने घाबरू नका.

लोहाचं स्वतःचं एक दुखणं मात्र आहे. त्यालाही शोषलं जायला आम्ल हवं असतं, आणि कॅल्शियम त्याच्या वाटेत येतं. सकाळी सगळं एकदम घेत होतात तेव्हा तुमची कॅप्सूल तर वाया जात असणारच, लोहही पुरतं पोचत नसणार. हिमोग्लोबिन वाढत नसेल तर त्याचं उत्तर कदाचित तिथेच सापडेल.

मग दिवस कसा लावायचा? मी तुमच्या जागी असते तर असा लावला असता. उठल्यावर उपाशी पोटी लोह, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर नाश्ता आणि चहा-कॉफी एक तासाने, कारण चहा-कॉफीनेही लोह अडतं. उपाशी पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण ते बंद पडण्यापेक्षा बरं. इट्राकोनॅझोल दुपारच्या जेवणावर, म्हणजे शेवटचा घास खाऊन पाणी पिताना. दुपारचं जेवण शक्यतो टाळू नका आणि नुसतं फळ खाऊन कॅप्सूल घेऊ नका. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, कारण कार्बोनेटलाही विरघळायला जेवणातलं आम्ल लागतं. पित्ताचं पातळ औषध लागलंच तर झोपताना. सकाळची वेळ बदलून दुपार करणार आहात हे डॉक्टरांना फक्त कळवून ठेवा. दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल असल्यामुळे त्यात अडचण येऊ नये.

कॅप्सूलच्या आधी आणि नंतर किमान दोन तास आम्ल मारणारं काही नाही, एवढी एकच गोष्ट पक्की धरा. वर सांगितलेल्या वेळांत ते अंतर आपोआप राखलं जातं, घड्याळ बघत बसावं लागत नाही. ज्यांना इट्राकोनॅझोल दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळच्या जेवणानंतर दिलेलं असतं, त्यांनी कॅल्शियम दुपारी ढकलावं.

जेवणानंतर दुपारी तीन वाजता पित्त उसळलं तर? तेव्हा अँटासिड घेऊ शकता, दोन तास झालेले असतील तर. पण रोजच उसळत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि मनाने ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल सुरू करू नका. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लोक म्हणतात, ‘मी ती गोळी सकाळी घेतो आणि कॅप्सूल रात्री, मग काय हरकत आहे?’ अँटासिड पोटात असलेलं आम्ल मारतं आणि पुढे सरकतं, म्हणून दोन तासांचं अंतर पुरतं. ओमेप्राझोल-पॅन्टोप्राझोलच्या गोळ्या आम्ल तयार करणारा नळच बंद करतात, आणि तो दिवसभर बंद राहतो. कितीही तासांचं अंतर ठेवलं तरी साध्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला हवं ते आम्ल मिळत नाही, आणि रक्तात पोचणारं औषध निम्म्याहून कमी होऊ शकतं. ती गोळी टाळता येत नसेल तर डॉक्टर औषध बदलतात, किंवा कॅप्सूल साखर असलेल्या कोलासारख्या आंबट पेयासोबत घ्यायला सांगतात. ‘सुबा’ नावाने येणारी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल निराळ्या बनावटीची असते, ती आम्लावर एवढी अवलंबून नसते आणि तिचा डोसही वेगळा असतो. तुमच्या पाकिटावर ‘सुबा’ असा शब्द आहे का ते बघा. असेल तर मी वर सांगितलेलं आम्लाचं गणित तुम्हाला तितकंसं लागू होत नाही, आणि चट्टा का बरा होत नाही याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. इट्राकोनॅझोलचं पातळ औषधही वेगळं, ते उलट उपाशी पोटी घ्यायचं असतं. एकाच नावाच्या औषधाचे इतके नियम आहेत, म्हणून शेजारणीची पद्धत उचलू नये.

यजमानांचं काही बंद करू नका. टर्बिनाफिनला आम्ल लागत नाही. ते जेवणाआधी, जेवणानंतर, पॅन्टोप्राझोलसोबत, कसंही घेतलं तरी चालतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचं भांडण असल्याचं ज्ञात नाही. पायाच्या नखांसाठी 250 मिग्रॅ रोज, साधारण बारा आठवडे, एवढा त्याचा नेहमीचा क्रम. त्यांच्या बाबतीत लक्ष द्यायचं ते यकृताच्या तपासणीकडे आणि तोंडाच्या चवीकडे. काही जणांची चव पार जाते आणि परत यायला आठवडे लागतात. तसं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही. मन किंवा हृदयासाठी काही गोळ्या चालू असतील तर त्यांची नावंही दाखवून घ्या, कारण त्यातल्या काहींचा निचरा टर्बिनाफिन मंद करतं.

हे उत्तर आणखी कुणी वाचत असेल, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध घेणाऱ्यांना आम्लाची काळजी नाही. ते जेवणासोबत किंवा उपाशी पोटी, अँटासिडसोबतसुद्धा, जवळपास पूर्ण शोषलं जातं. पण रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम आधीच कमी असेल तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका या गटातल्या औषधांनी वाढतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेलं पोटॅशियम-मॅग्नेशियम ‘खनिज आहे, नको’ म्हणून बंद करणं खरंच घातक आहे. खोलवरच्या गंभीर संसर्गासाठी शिरेतून दिलं जाणारं अ‍ॅम्फोटेरिसिन तर मूत्रपिंडावाटे ही दोन्ही खनिजं बाहेर लोटतं, आणि रुग्णालयात ती मोजून मोजून भरून काढावी लागतात. केटोकोनॅझोलच्या गोळीला इट्राकोनॅझोलसारखंच आम्ल लागतं. पण नायट्यासाठी किंवा नखासाठी कुणी ती गोळी देत असेल तर आधी डॉक्टरांना प्रश्न विचारा. यकृताला होणाऱ्या इजेमुळे 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने बुरशीसाठी ती वापरू नये अशी शिफारस केली, आणि अमेरिकेतही तिच्यावर कडक मर्यादा आल्या. आणि नुसतं क्रीम किंवा पावडर लावत असाल तर कॅल्शियम, लोह, झिंक हवं तेव्हा घ्या. त्वचेवरच्या मलमाला पोटातल्या आम्लाशी देणंघेणं नसतं.

झिंक आणि सेलेनियम. नका घेऊ, ताई. तुम्हाला त्यांची कमतरता असल्याचं कुणी सांगितलेलं नाही, आणि नखातली बुरशी त्यांनी मरत नाही. कोंड्याच्या शॅम्पूत सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असतं आणि ते बुरशीवर चालतं, हे खरं. पण ते डोक्यावर लावायचं रसायन आहे, पोटातून घेतलेलं सेलेनियम तसं काम करत नाही. उलट सेलेनियम जास्त झालं तर नखं ठिसूळ होऊन गळतात आणि केसही जातात, म्हणजे ज्यासाठी घ्यायचं त्याचंच नुकसान. प्रौढांसाठी सेलेनियमची वरची मर्यादा दिवसाला 400 मायक्रोग्रॅम मानतात, झिंकची 40 मिग्रॅ. झिंकच्या 50 मिग्रॅच्या गोळ्या सर्रास मिळतात, त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून पुन्हा रक्तक्षय उद्भवतो. तुमचं हिमोग्लोबिन बघता हे तर मुळीच परवडणारं नाही. मॅग्नेशियमही नंतर कधी डॉक्टरांनी सुचवलं, तर पूरक गोळीतून दिवसाला 350 मिग्रॅच्या वर मनाने जाऊ नका. मूत्रपिंड अधू असेल तर तेवढंही जास्त ठरतं.

आणि नखाची घाई करू नका. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नव्याने यायला बारा ते अठरा महिने लागतात. औषध शंभर टक्के पोचलं असतं तरी सहाव्या आठवड्यात तुम्हाला नख पिवळंच दिसलं असतं. फार तर मुळाशी, कातडीलगत, नव्या नखाची एक गुलाबीसर स्वच्छ पट्टी दिसली असती. आज रात्री चांगल्या उजेडात बघा, ती पट्टी आहे का. असेल तर काही औषध नक्की पोचतंय. कमरेवरचा चट्टा मात्र एव्हाना फिकट व्हायला हवा होता, म्हणून मला गोळ्यांच्या वेळेचा संशय जास्त येतो. पण तेवढ्यावर मी शिक्का मारणार नाही. औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या जाती असतात, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून नायटा परत परत लागतो (यजमानांची पावलं आणि जांघ तपासून घ्या), आणि चट्ट्यावर कुणी स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावत असेल तर तो दबून पुन्हा पसरतो. ते डॉक्टरांनीच बघायला हवं.

राहिलेली भरपाई म्हणून दोनच्या चार कॅप्सूल करू नका. यकृतावर ताण येतो. भूक मेली, सतत मळमळलं, डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी दाखवा. इतका लांबचा कोर्स आहे, तेव्हा यकृताची तपासणी झाली नसेल तर पोटॅशियमसोबत तीही करून घ्या. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर रक्त देण्याआधी लॅबला तसं सांगा, काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेले वनस्पतींचे अर्क याच काळात नकोत. त्यातल्या काहींनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि मग दोष कॅप्सूलचा की अर्काचा हे कळतच नाही.

घरातली प्रत्येक बाटली, प्रत्येक पाकीट, अगदी कधीतरी घेता ती पित्ताची गोळीसुद्धा, एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन जा. लाज वाटेल, शब्द सुचणार नाहीत, म्हणून डॉक्टरांसमोर म्हणायचं वाक्य मीच लिहून देते: ‘सहा आठवडे ही कॅप्सूल मी कॅल्शियमसोबत घेतली, कधी वर अँटासिडही घेतलं, चट्टा कमी झाला नाही, आणि महिनाभरापासून पोटऱ्यांत गोळे येताहेत.’ एवढं ऐकल्यावर कोर्स पुढे चालू ठेवायचा, नव्याने सुरू करायचा की औषधच बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील. पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख झाल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. पोटॅशियमचा आकडा आला की मला कळवा, मी वाट बघते आहे.